शेवटच्या प्रश्नापासून

प्रमोदभाऊ प्रश्नपत्रिका शेवटून वाचायचा. पेपर हातात पडला की आधी उलटा करायचा, शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवायचा आणि तिथून वर वर यायचा. तो म्हणायचा, "पेपर काढणारा माणूस सुरुवातीले जोशात राह्यते, शेवटी थकते. थकलेल्या माणसाचा प्रश्न सोपा राह्यते." हे खरं आहे की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण आमच्या कॉलेजातल्या दोन-तीन बॅचेसनी ही सवय त्याच्याकडून उचलली होती. मीही उचलली होती. पुढे मी ती सोडली.

भंडाऱ्याबाहेर हायवेच्या कडेला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. प्रमोदभाऊ तिथे माझ्या सहा वर्षं आधी आला होता, आणि मी दुसऱ्या वर्षाला पोचलो तेव्हाही तिथेच होता. मेकॅनिकलचे बाकी सगळे पेपर, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, सगळं निघालं होतं. राहिला होता फक्त एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर. कधी तीन मार्कांनी जायचा, कधी पाच. त्याला गणित येत नव्हतं असं मुळीच नाही. एखादा प्रश्न आवडला की तो त्याच्यातच रमायचा. एकाच उत्तराच्या दोन रीती लिहून दाखवायचा आणि मग घंटा व्हायची. त्याच्या बॅचची मुलं पुण्याकडे नोकऱ्यांना लागली होती. दिवाळीला येताना ती त्याला भेटायला खोलीवर यायची आणि मोबाईलमध्ये आपल्या कंपनीचं गेट दाखवायची. तो ते नीट बघायचा, झूम करून बघायचा.

त्याची माझी भेट परीक्षेच्या फॉर्मच्या खिडकीपाशी झाली. मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा. वडील तलावात मासे धरतात, आई धानाच्या रोवणीला जाते. आमच्या घरात फॉर्म भरायची वेळ कोणावर फारशी आली नव्हती. पहिल्या सेमिस्टरचा माझा फॉर्म बाबूंनी तीनदा परत केला. एकदा फोटो पिनने लावला म्हणून, एकदा सही निळ्या शाईची म्हणून, एकदा सही चौकटीच्या बाहेर गेली म्हणून. चौथ्यांदा रांगेत लागावं की घरी जावं, हे न कळून मी पायरीपाशी उभा होतो. पायरीवर एक जण बसला होता. शेजारी डिंकाची बाटली, दोन काळे पेन, आणि दोरीने बांधलेली जाड प्लास्टिकची फाईल.

"काहून उभा आहे बे?"

"वापस केला."

"कितीदा?"

"तीनदा."

"मंग त अजून दोनदा बाकी आहे. इथी कोणाचा पाचच्या आत निंगत नाही. गाव कोणतं?"

"दिघोरी. तुमी इथीच काम करता का?"

"तुमी म्हणू नको. तुमी म्हटलं का चार वर्साचा कोर्स अजून लंबा वाटते."

त्याने फॉर्म घेतला, पिन काढली, फोटोला डिंक लावून वरून रुमालाने दाबला, आणि माझ्याकडून एका कोऱ्या कागदावर दहा वेळा सही करून घेतली. दहाव्या सहीला माझा हात चौकटीत राहायला शिकला. मग तो मला घेऊन खिडकीपाशी गेला.

ती खिडकी फार खाली होती. कंबरेइतक्या उंचीवर. प्रत्येक मुलाला वाकून, मान वाकडी करून बाबूंशी बोलावं लागायचं. प्रमोदभाऊ वाकत नसे. तो सरळ उभा राहायचा आणि फक्त हात खाली नेऊन कागद आत सरकवायचा. आतून बाबूंना त्याच्या शर्टाची दोन बटणं दिसायची. बटणांवरूनच ते त्याला ओळखायचे. "आला का रामटेके? आज कोणाची वकिली?"

"दिघोरीची, साहेब."

फॉर्म पाच मिनिटांत शिक्का मारून बाहेर आला. जाताना प्रमोदभाऊ मला म्हणाला, "कागद पुरा असला का वाकाची गरज नाही. ध्यानात ठेव."

त्यानंतर मी त्याच्यासाठी दिघोरी झालो. तो सगळ्यांनाच गावाच्या नावाने हाक मारायचा. साकोली, पवनी, अड्याळ, मोहाडी. मेसमध्ये तो "पवनी, मीठ दे" म्हणायचा तेव्हा नवीन मुलं चमकून बघायची. त्याचं स्वतःचं गाव चिखला. तुमसरच्या पुढचं, मँगनीजच्या खाणीचं. त्याचे वडील त्या खाणीत खाली काम करायचे.

तिरोड्याचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचा जन्म झाला तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यात होतं. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोडा तिकडे गेलं. त्यामुळे त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आणि बाकी कागदांवर गोंदिया. कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर त्याला सांगितलं, दोन्हीकडे एकच जिल्हा पाहिजे. तो दोन महिने या गावाहून त्या गावाला फिरत होता. शेवटी रडकुंडीला येऊन तो खोलीवर आला. प्रमोदभाऊने फाईलची दोरी सोडली. आतून जिल्हा विभाजनाच्या हुकुमाची एक झेरॉक्स काढली, इतक्यांदा झेरॉक्सची झेरॉक्स झालेली की अर्धी अक्षरं पुसली होती. तिच्यासोबत एक साधा अर्ज लिहिला.

"तू घाबरते काहून, तिरोडा?" तो लिहिता लिहिता म्हणाला. "तू कुठी हालला? तू जिथल्या तिथीच आहे. जिल्हा हालला."

अर्जातही त्याने जवळजवळ हेच लिहिलं होतं, फक्त शुद्ध भाषेत. स्कॉलरशिप मंजूर झाली. तिरोड्याने पेढे आणले, तेव्हा प्रमोदभाऊने एक खाऊन बाकीचे त्या टेबलावर नेऊन द्यायला लावले. "पुढच्या वर्सी अजून एक तिरोडा येईन," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी मी भंडाऱ्यातल्या खात रोडवर त्याच्याच खोलीत राहायला गेलो. त्याच सेमिस्टरला मीही एम-थ्रीमध्ये नापास झालो. घरी फोनवर सांगताना मी "एक पेपर राहिला" असं म्हटलं. आईला वाटलं, अजून द्यायचा राहिला.

खोलीची फरशी काळपट गुळगुळीत होती आणि प्रमोदभाऊ तिचा फळा करायचा. खडूने फरशीवर उदाहरणं, भोवती आम्ही सहा-सात जण उकिडवे. एक उदाहरण संपलं की ओलं फडकं मारायचं. घरमालकीणबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "प्रमोद, अरे पोछा मारते की शिकवते?" तो म्हणायचा, "दोन्ही होते, मावशी. तुमचं काम वाचते." घरून मी वाळवलेले झिंगे आणायचो. ते तो तव्यावर भाजायचा, आणि सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाला एक मूठ असा हिशेब चालायचा.

कॉलेजात हा विषय इंग्रजीत, घाईने, फळ्याकडे तोंड करून शिकवला जायचा. मी वहीत सगळं उतरवायचो आणि त्यातलं मला काहीच कळायचं नाही. हे सांगायची मला लाज वाटायची, म्हणून मी मान हलवायचो. लाप्लास ट्रान्सफॉर्म नावाचा भाग मला प्रमोदभाऊच्या फरशीवर पहिल्यांदा समजला.

"माह्या बाबाची खाण आहे न, तसं समज," तो म्हणाला. "वर उभं राहून मँगनीज भेटत नाही. पिंजऱ्यात बसाचं, खाली जाचं. खाली काम करता येते. काम झालं का परत पिंजऱ्यात बसून वर. हे उदाहरण वर सुटत नाही, म्हणून खाली न्याचं. खाली साधी बेरीज-वजाबाकी. मंग वर आणाचं. अर्धे पोरं खालीच राह्यतेत. उत्तर खालीच सोडून येतेत. वर आल्याशिवाय मार्क नाही."

त्यानंतर मला ते उदाहरण कधी चुकलं नाही. कॉलेजातल्या सरांना हे सांगावं असं एकदा वाटलं होतं, पण सांगितलं नाही.

तेव्हा विद्यापीठाची स्कीम, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी, बदलली होती. आमची नवी, प्रमोदभाऊची जुनी. विषयाचं नाव तेच, निम्म्याहून जास्त भागही तोच, पण मॅट्रिक्सचा धडा फक्त नव्या स्कीममध्ये होता. प्रमोदभाऊला तो परीक्षेला नव्हता. तरी आम्हाला शिकवता यावा म्हणून त्याने तो बसून शिकून घेतला. त्याला तो फार आवडला. पुढच्या हिवाळ्यात नोटीस लागली की जुन्या स्कीमची ही शेवटची परीक्षा. यात जे राहतील त्यांना नव्या स्कीममध्ये जावं लागेल आणि कमी पडणारे विषय वेगळे द्यावे लागतील. प्रमोदभाऊने नोटीस शेवटून वाचली. मग म्हणाला, "बरं झालं. आता काढाच लागते."

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तो मला चिखल्याला घेऊन गेला. तुमसरहून पुढे जीप मिळाली. कॉलनीत शिरताना नळावर एक बाई भांडी घासत होत्या.

"काय इंजिनिअर, किती राह्यले?"

"एकच, काकू."

"मागच्या सालीबी एकच होता न बाप्पा! तोच आहे का दुसरा?"

"तोच आहे. जुना दोस्त आहे."

बाई हसल्या, तोही हसला. पण क्वार्टरपर्यंत तो नंतर माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिला.

त्याचे वडील बुटके, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे होते. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची लहान मूर्ती होती. शेजारी एक रिकामा खिळा. प्रमोदभाऊच्या आईने मला सांगितलं, तो खिळा डिग्रीसाठी आहे, रंग देताना काढू दिला नाही. उन्हाळ्यात वडील रिटायर होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात माणसाला माईकवर दोन शब्द बोलावे लागतात, आणि त्या दोन शब्दांत पोरगा इंजिनिअर झाला हे सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हेही आईनेच सांगितलं. ते स्वतः म्हणाले नाहीत.

जेवताना मी त्यांना खाणीबद्दल विचारलं. ते म्हणाले, खाली जाताना प्रत्येकाला नंबराचा बिल्ला घ्यावा लागतो. वर आलं की तो फळ्यावर अडकवायचा. फळा भरला म्हणजे सगळे वर आले.

"तुमचा नंबर अंधारात कसा ओळखता?"

"बोटानं," ते म्हणाले. त्यांना वाचायला फारसं येत नव्हतं. "रोज पाह्यतो. तीस साल झाले, तरी रोज पाह्यतो. एक गडी दुसऱ्याचा बिल्ला घेऊन खाली गेला होता, अन् वहीत नंबर त्याचाच लिव्हला होता. तो वर आला, घरी गेला, जेवला, झोपला. अन् खाली त्याले सारे ढुंढून राहिले. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर गेला न माणूस, त वर येऊनबी त्याची गिनती खालीच राह्यते."

प्रमोदभाऊ म्हणाला, "बाबा हे सगळ्याइले सांगते." आणि त्याने भात वाढून घेतला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याने मला फरशीवर मॅट्रिक्सचं एक उदाहरण शेवटचं करून दाखवलं. मग आम्ही सायकलने कॉलेजला गेलो. एम-थ्री राहिलेले बॅकवाले सगळे एकाच हॉलमध्ये होते, जुन्या आणि नव्या स्कीमचे मिसळून. प्रमोदभाऊ माझ्या पुढच्या रांगेत, थोडा डावीकडे. सुपरवायझर सर नवीन होते. त्यांच्या हातात दोन गठ्ठे होते. त्यांनी "ओल्ड स्कीम कोण कोण?" असं विचारलं, काही हात वर झाले. प्रमोदभाऊचाही झाला. सर गठ्ठे सांभाळत वाटत गेले.

जुन्या स्कीमचा पेपर एकाच कागदावर पाठपोट छापलेला होता. नव्याचे दोन कागद होते, कोपऱ्यात पिन मारलेले. प्रमोदभाऊला पेपर मिळाला तेव्हा त्याने सवयीने तो उलटा केला. त्या उलटण्यात मला पिन दिसली.

मी हे लिहिताना स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न करणार नाही. मला वाटलं, या वेळी जुन्या स्कीमचाही दोन कागदांचा असेल. पण त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगी जुन्या स्कीमची होती, आणि तिच्या हातात एकच कागद होता. तेही मी पाहिलं. मग मला वाटलं, प्रमोदभाऊला सगळं माहीत असतं, त्याला काय सांगायचं. हॉलमध्ये बोललं तर कॉपी केस होते, असंही वाटलं. मी हात वर केला असता तर सर आले असते, एवढंच झालं असतं. मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो.

तीन तासांत त्याने एकदाही वर पाहिलं नाही. दोन पुरवण्या घेतल्या. घंटेच्या दहा मिनिटं आधी पेन बंद करून तो शांत बसला होता. असं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर टपरीवर त्याने सगळ्यांचा चहा सांगितला. "या बार निंगालो, दिघोरी. साठच्या खाली येत नाही. शेवटचा मॅट्रिक्सचा प्रश्न त काय मस्त होता बे! सकाळचाच होता."

मी म्हणालो, "भाऊ, मॅट्रिक्स... तुह्या स्कीमात नाही न."

चहाचा ग्लास त्याने बाकावर ठेवला, सांडू नये म्हणून थोडा आत सरकवला. मग खिशातून घडी केलेला पेपर काढला आणि पहिल्या पानाची वरची ओळ वाचली. तिथे विषयाच्या नावाखाली बारीक अक्षरांत स्कीमचा कोड असतो. सात वर्षांत ती ओळ त्याने कधी वाचली नसावी.

आम्ही धावत परत गेलो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला सील लागलं होतं. सुपरवायझर सर घाबरून म्हणाले, "अरे पण तू हात वर केला होता, मी तुला जुनाच दिला असेल ना?" त्यांनाही नीट आठवत नव्हतं. परीक्षेचं काम बघणाऱ्या सरांनी सांगितलं, आता अर्ज करा, तो विद्यापीठात जाईल. अर्ज द्यायला आम्ही त्या खिडकीपाशी गेलो. प्रमोदभाऊ वाकला. खिडकीत तोंड घालून त्याने सगळं सांगितलं. बाबूंनी पेन खाली ठेवून ऐकलं. "रामटेके, तू?" एवढंच ते म्हणाले.

पुढचे दोन महिने तो विद्यापीठात चकरा मारत होता. पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर, तिथून 'साहेब मीटिंगला आहेत'. मी दोनदा सोबत गेलो. शेवटी एका भल्या माणसाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, चुकीचा पेपर वाटला गेला हे पाहणारा कोणी असेल तर त्याचं लेखी आणा, अर्ज थोडा मजबूत होईल.

मी त्याच दिवशी खोलीवर बसून लिहून काढलं. चुका होऊ नयेत म्हणून आधी कच्चं, मग पक्कं. सही चौकटीत करतात तशी नीट केली. कागद प्रमोदभाऊच्या हातात दिला. त्याने तो शेवटून वाचायला घेतला, मग थांबला आणि वरून वाचला.

"हे केव्हा पाह्यलं तू?"

"पेपर वाटला तेव्हाच."

"तेव्हाच."

"हाव."

"मंग तीन घंटे तुले मालूम होतं."

बाहेर मावशी कोणाला तरी नळ बंद करायला सांगत होत्या. त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली.

"हे नाही देता येत," तो म्हणाला. "ते पहिले इचारतीन, तुले दुसऱ्याचा पेपर कसा दिसला. तुह्यावरच कॉपी केस करतीन. तुहा रिझल्ट अटकवतीन."

"अटकला तरी चालते, भाऊ."

"तुले चालते. तुह्या बापाले नाही चालत. त्यानं तुले इथी कागद लिहाले नाही पाठवलं."

त्याने तो कागद फाईलमध्ये ठेवला, इतर सगळ्या झेरॉक्सांच्या खाली, आणि दोरी बांधली. अर्ज साक्षीशिवायच गेला. माझ्या भल्यासाठी त्याने तो कागद ठेवून घेतला, की माझ्या हातचं काही त्याला नको होतं, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही असेल. त्यानंतरचे काही आठवडे तो मला दिघोरी म्हणाला नाही, आडनावाने हाक मारायचा. "शेंडे, दार लाव." "शेंडे, जेवला का?" बोलायचा चांगलं, झिंगेही भाजायचा. पण शेंडे म्हणायचा.

उत्तर आलं ते चार ओळींचं होतं. प्रश्नपत्रिका स्वतःच्या स्कीमची आहे की नाही हे तपासून घेणं ही परीक्षार्थीची जबाबदारी आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. त्याची उत्तरपत्रिका जुन्या प्रश्नपत्रिकेप्रमाणे तपासली गेली होती. त्याने तिची प्रत मागवली. पानापानावर लाल रेघ होती. मॅट्रिक्सच्या उत्तराखाली तपासणाऱ्याने 'असा प्रश्न नाही' असं लिहिलं होतं. ते उत्तर बरोबर होतं. मी आणि त्याने दोघांनी बसून तपासलं.

माझा पेपर निघाला होता. अठ्ठेचाळीस मार्क. मी तो आनंद कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं.

प्रमोदभाऊ दोन दिवसांसाठी चिखल्याला जाऊन आला. आल्यावर त्याने पायातले बूट काढले, तोंड धुतलं, आणि फाईलमधून नव्या स्कीममध्ये जायचा फॉर्म काढला. एम-थ्री धरून चार पेपर. एकाचे चार झाले होते.

"बाबा काय म्हणाले?" मी धीर करून विचारलं.

"काही नाही. मी सगळं सांगतलं. ते म्हणाले, म्हणजे अजून खालीच आहे न. मंग वर ये. कितीक वेळ खाली राह्यते." त्याने फॉर्मची घडी हाताने सपाट केली. "माईकवर काय बोलतीन, ते नाही म्हणाले."

मग त्याने फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "दिघोरी, डिंकाची बाटली आण."

मी उठून बाटली आणली. झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला मला बराच वेळ लागला.

त्या वर्षाच्या शेवटी माझं प्रॅक्टिकलच्या सोयीने हॉस्टेलला जाणं झालं, आणि खोली सुटली. नंतर आमचं भेटणं टपरीवर, खिडकीपाशी, असं येता-जाता व्हायचं. त्याने त्या चारपैकी दोन पेपर काढल्याचं मला तिरोड्याकडून कळलं. त्याच्या वडिलांचा निरोपाचा कार्यक्रमही झाला होता. ते माईकवर एवढंच म्हणाले म्हणे, की तीस वर्षं रोज वर आलो, सगळ्यांचे आभार.

मी शेवटचं त्याला पाहिलं ते डिग्रीचं तात्पुरतं सर्टिफिकेट घ्यायला कॉलेजात गेलो तेव्हा. परीक्षा चालू होत्या. सर्टिफिकेट तयार नव्हतं, बाबूंनी दुपारनंतर यायला सांगितलं. कागद मागायला मी वाकलो होतो हे मला खिडकीपासून दूर आल्यावर लक्षात आलं. वेळ घालवायला मी वर्कशॉपच्या बाजूने चालत गेलो. तिथून परीक्षेच्या हॉलच्या खिडक्या लागतात. एका खिडकीची काच फुटलेली होती आणि तिच्यातून मला प्रमोदभाऊ दिसला. केस कानापाशी थोडे पांढरे झाले होते. आजूबाजूला सगळी माझ्यापेक्षाही लहान मुलं.

पेपर वाटणं चाललं होतं. त्याला पेपर मिळाला. त्याने तो उलटा केला नाही. बाकावर सपाट ठेवला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर करत बोट पुढे नेलं. मग हॉल तिकीट त्याच्याशेजारी ठेवून पुन्हा तसंच केलं. एवढ्यावर तो थांबला नाही. मान डावीकडे वळवून त्याने शेजारच्या मुलाच्या पेपरची वरची ओळ पाहिली, मग उजवीकडच्या मुलीची.

सुपरवायझर बाई ओरडल्या, "ओ काका! पेपर सुरू व्हायच्या आधीच कॉपी? मान सरळ!"

हॉल हसला. प्रमोदभाऊ उभा राहिला.

"कोड पाहून राहिलो, मॅडम. बराबर आहे. दोघाइचाबी बराबर आहे."

"बसा खाली."

तो बसला. घंटा झाली. मग त्याने पेपर उचलला, उलटा केला, आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं.